ज्योतिषाचं पुस्तक घेताना काय पाहावं? घरातल्या सगळ्यांसाठी अभ्यासपाठ

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आपल्या कुटुंब-गटांमध्ये गेल्या काही गुरुवारांपासून एकच प्रश्न फिरतो आहे. "ताई, ज्योतिष शिकायचं आहे, कोणतं पुस्तक घेऊ?" विचारणारे सगळ्या वयाचे आहेत. कुणी नववीतली मुलगी आहे, कुणी नुकतंच लग्न झालेली सूनबाई, कुणी पेन्शनवर आलेले गुरुजी. एकच पुस्तक सगळ्यांना चालेल असं नाही. म्हणून आजच्या पाठात पुस्तकांची यादी कमी आणि पुस्तक पारखायची रीत जास्त दिली आहे. रीत हाती आली की गाणगापूरच्या वाटेवर दुकान असो, माणिकनगरची दत्तजयंती असो की मोबाईलवरची खरेदी, तुम्हीच निवडू शकाल.

आधी मुख्य गोष्ट सांगते. *जे पुस्तक कारण सांगतं आणि आपल्याला स्वतः पडताळून बघू देतं, ते अभ्यासाचं पुस्तक. जे फक्त निकाल सांगतं आणि घाबरवतं, ते अभ्यासाचं नाही.*

*पुस्तक चुकीचं निवडलं तर काय होतं?*

पंधरा-वीस पानांची पुस्तिका, तिच्यात काय बिघडतं, असं वाटेल. पण आपल्या सीमाभागात ती एक पुस्तिका लग्न मोडू शकते.

ओळखीतल्या एका घरची गोष्ट आहे. मुलगी बी.एड. झालेली, शाळेत शिकवणारी. उमरग्याकडचं स्थळ आलं, बघाबघी झाली, दोन्ही घरं खूश. मग मुलीच्या आजोळहून कुणीतरी कन्नड पुस्तिका बघून सांगितलं, मुलीला कुजदोष आहे. कुजदोष म्हणजेच आपला मंगळ. मुलाकडच्यांच्या मराठी पुस्तकाप्रमाणे मुलीला मंगळ नव्हताच. झालं, इकडून तिकडे फोन सुरू. "तुम्ही लपवलं" इथपर्यंत बोलणं गेलं. तीन आठवडे ती मुलगी शाळेत जात होती आणि घरी येऊन कुणाशी बोलत नव्हती.

शेवटी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली, तेव्हा उलगडा झाला. मुलीचा मंगळ दुसऱ्या स्थानी होता. मराठी रिवाजात लग्नस्थानापासून पहिलं, चौथं, सातवं, आठवं आणि बारावं अशी पाच स्थानं धरतात. दक्षिणेकडे पुष्कळ ठिकाणी दुसरं स्थानही धरतात. मुलीत दोष नव्हता, दोन प्रांतांच्या मोजणीत फरक होता. लग्न झालं, दोघं सुखात आहेत. पण हा फरक दोन्हीपैकी एकाही पुस्तकात लिहिलेला नव्हता. लिहिला असता तर ते तीन आठवडे त्या लेकराच्या वाट्याला आलेच नसते.

आता साधा हिशोब करा. बारा स्थानांपैकी पाच ठिकाणी मंगळ दोषाचा मानला, तर साधारण शंभरातल्या बेचाळीस जणांना मंगळ निघणार. सहा स्थानं धरली तर निम्म्या जगाला! काही जण चंद्रापासून आणि शुक्रापासूनही मोजतात. तसं केलं तर दोष नसलेला माणूस शोधावा लागेल. म्हणून तर जुन्या ग्रंथकारांनी आणि टीकाकारांनी एवढे अपवाद दिले आहेत. मंगळाचं प्रकरण छापलं आणि अपवादांचं प्रकरण गाळलं, असं पुस्तक घरात आणूच नका. मूळ आणि आश्लेषा नक्षत्रांवर जन्मलेल्या मुलींबद्दलही हीच कसोटी लावा.

*आपल्या परंपरेत पुस्तक कसं शिकवलं जायचं?*

थोडं मागं जाऊ. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४. त्यांचा 'सिद्धांतशिरोमणी' इ.स. ११५० च्या सुमारास पुरा झाला. त्या काळी आपलं बसवकल्याण म्हणजे कल्याणी चालुक्यांची राजधानी होती. सिद्धांतशिरोमणीचे चार भाग मानतात: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. क्रम बघा. आधी अंकगणित, मग बीजगणित, मग ग्रहांची गती, मग आकाशाचा गोल. नवख्यापासून जाणत्यापर्यंत पायरी-पायरीनं. शिवाय नुसती सूत्रं देऊन ते थांबले नाहीत. ग्रहगणित आणि गोलाध्यायावर त्यांनी स्वतःच 'वासनाभाष्य' लिहिलं. त्यात हे सूत्र असंच का, याची उपपत्ती आहे.

पुढं त्यांचे नातू चांगदेव हे देवगिरीच्या सिंघण यादवांच्या पदरी ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी पाटणे इथं मठ चालवला. जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावजवळच्या या पाटण्यात त्याचा शिलालेख सापडला आहे. आठशे वर्षांपूर्वी आपल्याकडं एका ग्रंथाच्या अभ्यासासाठी मठ होता, हे मुलांना जरूर सांगा. ग्रंथ नुसता पूजायचा नाही, शिकायचा, ही आपली खरी परंपरा.

कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांचा 'ग्रहलाघव' (शके १४४२, इ.स. १५२०) इतका सोपा होता की पंचांगकर्त्यांनी शेकडो वर्षं तो वापरला. पुढं निरीक्षणात फरक दिसू लागला, तेव्हा व्यंकटेश बापूजी केतकरांनी नवं गणित मांडलं. केतकर म्हणजे आपल्या कर्नाटकातलेच, बागलकोटला शाळेत शिक्षक होते. यातून काय घ्यायचं? आपल्या थोर ज्योतिर्विदांनी जुन्याचा आदर ठेवला आणि चूक दिसली तिथं दुरुस्ती केली. चांगलं पुस्तकही तसंच असतं. ते 'आमचंच खरं' म्हणत नाही.

*दुकानात उभ्या उभ्या करायची पारख*

पुस्तक हातात घेतल्यावर मुखपृष्ठ बघू नका. आत एखादी नमुना कुंडली छापलेली असते, ती उघडा आणि एवढं तपासा. त्याला ज्योतिष यावं लागत नाही.

१) राहू आणि केतू नेहमी समोरासमोर, एकमेकांपासून सातव्या घरात हवेत.

२) बुध सूर्यापासून २८ अंशांपेक्षा लांब जात नाही. म्हणून तो सूर्याच्या राशीत किंवा लगतच्या राशीतच दिसेल. शुक्र ४८ अंशांच्या आतबाहेर थांबतो, म्हणजे फार तर दोन राशी पुढं-मागं. सूर्य मेषेत आणि शुक्र तुळेत छापला असेल तर ती कुंडली चुकलेली आहे.

३) जन्मतारखेवरून सूर्याची रास जुळते का पाहा. १४ एप्रिलच्या सुमारास सूर्य मेषेत येतो, १४ जानेवारीच्या सुमारास मकरेत. संक्रांत तर सगळ्यांनाच पाठ आहे.

४) जन्मवेळ सूर्योदयाची असेल तर सूर्य लग्नाच्या आसपास हवा, भर दुपारची असेल तर दहाव्याजवळ, सूर्यास्ताची असेल तर सातव्याजवळ, मध्यरात्रीची असेल तर चौथ्याजवळ.

५) जन्म अमावास्येचा असेल तर सूर्य-चंद्र एकत्र किंवा अगदी शेजारी, पौर्णिमेचा असेल तर समोरासमोर.

नमुनाच चुकीचा छापला असेल तर बाकीच्या पानांवर भरवसा कसा ठेवायचा? पाच मिनिटांचं काम आहे, आणि मुलांना यात फार मजा येते.

यानंतर चार गोष्टी आणखी बघा. पुस्तकात उदाहरणं पायरी-पायरीनं सोडवून दाखवली आहेत का? मतभेद असेल तिथं 'काहींच्या मते असं, काहींच्या मते तसं' असं प्रामाणिकपणे लिहिलं आहे का? शेवटी शब्दांचे अर्थ आणि कोष्टकं आहेत का? आणि शेवटच्या पानावर खडे-अंगठ्या-यंत्रं विकणाऱ्याचा फोन नंबर तर नाही ना? तो असेल तर ते पुस्तक नव्हे, दुकानाची जाहिरात समजा.

*आपल्या भागासाठी खास चार गोष्टी*

पुण्या-मुंबईचं पुस्तक चांगलं असलं तरी मुडबी, बसवकल्याण, आळंद, हुमनाबादच्या माणसाला काही गोष्टी वेगळ्या लागतात.

पहिली, कुंडलीची मांडणी. महाराष्ट्रात वरच्या मधल्या घरात लग्न धरतात आणि राशींचे आकडे लिहितात. कर्नाटकात चौकटीच्या कडेनं बारा घरं असतात, राशी ठरलेल्या जागी आणि लग्नाच्या घरात खूण. आपल्याकडं सोयरीक दोन्हीकडं होते, त्यामुळे दोन्ही कागद घरात येतात. पुस्तकात दोन्ही मांडण्या शेजारी-शेजारी दाखवल्या असतील तर ते आपल्या कामाचं.

दुसरी, रेखांशाचा फरक. आपण साधारण ७७ रेखांशावर आहोत, मुंबई ७३ च्या थोडी अलीकडे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपल्याकडं सूर्य साधारण १६-१७ मिनिटं आधी उगवतो. सोलापूरशी तुलना केली तर फरक चार-पाच मिनिटांचाच. तिथी संपायची वेळ भारतभर एकच असते, कारण ती घड्याळाच्या प्रमाणवेळेत दिलेली असते. पण सूर्योदय आणि लग्न गावागणिक बदलतात. ॲपमध्ये गावाच्या जागी मुंबई टाकली तर लग्न सुमारे चार अंशांनी सरकतं. नवमांश सव्वातीन अंशांहून थोडाच मोठा असतो, म्हणजे नवमांश लग्न बदललंच म्हणा. हा हिशोब शिकवणारं पुस्तक घ्या.

तिसरी, अयनांश. हा शब्द बघून घाबरू नका. राशीचक्राची सुरुवात आकाशात नेमकी कुठून धरायची, याचा हा प्रश्न. टिळक पंचांगाचा रैवत पक्ष आणि बहुतेक पंचांगांचा चित्रापक्ष यांत सुमारे चार अंशांचा फरक आहे. नक्षत्र १३ अंश २० कलांचं असतं, त्यामुळे दहातल्या तिघांचं जन्मनक्षत्र दोन पंचांगांत वेगळं येऊ शकतं! घरात आजोबांच्या कागदावर एक नक्षत्र आणि ॲपवर दुसरं, हे भांडण बहुतेक वेळा इथूनच सुरू होतं. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधार समितीनं चित्रापक्ष घेतला, आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. पुस्तकानं कोणता अयनांश धरला आहे ते पहिल्या काही पानांत लिहिलेलं हवं.

चौथी, जुने कागद. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आजी-आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर किंवा महसुली कागदावर फसली सन असतो, महिनेही आजूर, बहमन असे. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन जवळपास येतो. शिवाय १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात देशातली घड्याळं एक तास पुढं केली होती. त्या वर्षांतली जन्मवेळ असेल तर हे लक्षात घ्या. नाहीतर आजोबांचं लग्न अर्ध्या राशीनं सरकेल.

*कोणी कोणतं पुस्तक घ्यावं?*

*पहिली पायरी (शाळकरी मुलं, नवीन सेवेकरी, घरातल्या भगिनी).* पुस्तक नको, आधी पंचांग घ्या. सोलापूरचं दाते पंचांग शंभर वर्षांहून अधिक काळ निघतं आहे आणि आपल्याला जवळचं आहे. सरकारचं राष्ट्रीय पंचांगही मराठी आणि कन्नड दोन्हींत मिळतं. तीन महिने रोज सकाळी तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण मोठ्यानं वाचा, आणि रात्री गच्चीवर जाऊन चंद्र कुठल्या नक्षत्राजवळ आहे ते बघा. २७ नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण म्हणजे १०८, १२ राशींना प्रत्येकी नऊ चरण म्हणजेही १०८. हे मुलांना बोटांवर मोजून दाखवा. जपमाळेचे मणीही तेवढेच, हे त्यांना लगेच आठवेल.

*दुसरी पायरी (पंचांग वाचता येणारे).* आता कुंडली मांडायला शिकवणारं मराठी पुस्तक. व. दा. भट यांचं 'कुंडली तंत्र आणि मंत्र' मराठी अभ्यासकांत पुष्कळ वाचलं जातं. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना बेंगळुरूच्या बी. व्ही. रामन यांची 'ॲस्ट्रॉलॉजी फॉर बिगिनर्स' आणि 'हाऊ टू जज अ होरोस्कोप' ही पुस्तकं सोपी पडतील. कोणतंही घ्या, पण एकच घ्या. तीन पुस्तकं एकदम आणली की प्रत्येकातलं पहिलं प्रकरण तेवढं वाचून होतं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे!

*तिसरी पायरी (दोन-चार वर्षं अभ्यास झालेले).* आता मूळ ग्रंथ, भाषांतरासह. वराहमिहिरांचं 'बृहज्जातक', मंत्रेश्वरांची 'फलदीपिका', आणि गोदावरीकाठच्या पार्थपूरच्या धुंडिराजांचं 'जातकाभरण'. संस्कृत श्लोक, त्याचा अन्वय आणि अर्थ अशी तिन्ही अंगं असलेलीच आवृत्ती घ्या. नुसतं भाषांतर असेल तर भाषांतरकारानं स्वतःचं किती घातलं ते कळत नाही.

*सगळ्यांसाठी एक.* शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास, १८९६ साली प्रसिद्ध झालेला. हे कुंडली बघायला शिकवणारं पुस्तक नव्हे. पण आपल्या ग्रंथांमध्ये कुठलं जुनं, कुठलं नंतरचं, कोणी काय शोधलं, हे मराठीत इतक्या कष्टानं दुसऱ्या कुणी क्वचितच लिहिलं असेल. जाडजूड आहे, एका बैठकीत होणार नाही. रोज दोन पानं वाचा.

*मर्यादाही शिकाव्यात*

श्रद्धेनं अभ्यास करणाऱ्यानं डोळे उघडे ठेवावेत. पुण्यात डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली एक चाचणी घेतली होती. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिक अक्षम मुलांच्या कुंडल्या जमवल्या. २७ ज्योतिषांनी त्यातल्या प्रत्येकी ४० तपासून कोणती कुणाची ते सांगितलं. बरोबर उत्तरं सरासरी ४६ टक्के आली, म्हणजे नाणं उडवून येतील साधारण तेवढीच. हे वाचून कुणाला राग येईल, कुणी म्हणेल पद्धत चुकली. चर्चा जरूर करावी. पण एवढं तरी घ्यावं की नुसत्या कुंडलीवरून मुलाची बुद्धी ठरवू नये, त्याची शाळा ठरवू नये, आणि कुठल्याही लेकराला 'तू अपशकुनी' असं म्हणू नये.

तसंच आजारपणात आधी डॉक्टर. कुठलंही पुस्तक 'औषध बंद करा, हा उपाय करा' असं सांगत असेल तर ते तिथंच मिटून ठेवा. गुणमेलनाचे छत्तीस गुणही असेच. वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, भकूट ७, नाडी ८. बेरीज करा, छत्तीस येते. यात मुलाचं व्यसन कुठं आहे? मुलीचं शिक्षण कुठं आहे? घरातली माणसं बोलतात कशी, हे कुठं आहे? ते आपणच जाऊन बघायचं.

ज्योतिष हा वेदांचा डोळा म्हणतात. डोळा बघण्यासाठी असतो, वटारण्यासाठी नाही.

*घरी अभ्यास कसा करावा?*

दर गुरुवारी आरतीनंतर अर्धा तास ठेवा. एक पुस्तक, एक पंचांग, एक वही. आजोबांनी पंचांग वाचावं, मुलांनी गणित करावं, सूनबाईंनी किंवा लेकीनं वहीत लिहावं. कामं आलटून पालटून करा, वही एकाच्याच ताब्यात नको. पहिली कुंडली घरातल्या अशा माणसाची घ्या ज्यांचं आयुष्य सगळ्यांना माहीत आहे. पुस्तक काय म्हणतं आणि खरं काय घडलं, दोन रकान्यांत लिहा. जुळलं ते लिहा, जुळलं नाही तेही लिहा. फक्त जुळलेलंच लिहिणारी वही काही शिकवत नाही. आणि वर्षभर तरी बाहेरच्या कुणाची कुंडली बघून सांगू नका, शेजारच्या काकूंनी कितीही आग्रह केला तरी.

*या आठवड्याचा गृहपाठ*

१) घरात जी ज्योतिषाची पुस्तकं असतील ती काढा. प्रत्येकातली एक नमुना कुंडली वरच्या पाच कसोट्यांवर तपासा.

२) त्या पुस्तकात मंगळाची कोणती स्थानं दिली आहेत आणि अपवाद दिले आहेत का, ते बघा.

३) पुस्तकाचं नाव, छापल्याचं वर्ष, धरलेला अयनांश आणि तपासणीत काय निघालं, एवढं आपापल्या कुटुंब-गटात बुधवारपर्यंत टाका. कन्नड पुस्तकं असतील तर तीही जरूर घ्या.

सगळ्यांचं आलं की आपल्या भागात फिरणाऱ्या पुस्तकांची एक तपासलेली यादी तयार होईल. पुढं कुणाच्या लेकीच्या सोयरीकीत दोन पुस्तकं भांडली, तर ती यादी उपयोगी पडेल.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

आपली,
एक सेवेकरी भगिनी
मुडबी, ता. बसवकल्याण, जि. बीदर